नवीन संगणकावर गणिताची चिन्हं गायब: जुन्या प्रश्नपेढीचं काय करायचं?

भूमितीवाली

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. शाळेने विंडोज ७ चा जुना संगणक काढून विंडोज ११ चा दिला आणि वर्ड २००७ च्या जागी नवीन वर्ड आलं. माझी सगळी प्रश्नपेढी मी पेन ड्राईव्हवरून नव्या संगणकावर आणली. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. तो फॉन्ट पुन्हा टाकल्यावर मराठी व्यवस्थित दिसतंय. गोंधळ आहे तो गणिताच्या चिन्हांचा.

अंकगणिती श्रेढीत '५, ८, ११, १४, …' असं होतं, तिथे शेवटच्या तीन टिंबांच्या जागी इंग्रजी कॅपिटल 'के' आलाय. बेरजेच्या सूत्रात मध्ये टिंबं होती, तिथे कॅपिटल 'एल' आहे. दुरुस्त करायला समीकरणावर दोनदा टिचकी मारली तर जुना समीकरणाचा चौकट-प्रोग्राम उघडतच नाही. तीच फाईल छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात दिली, तर त्यांच्या संगणकावर '∴' च्या जागी रिकामे चौकोन. मुलांच्या मोबाईलवर पाठवली तर ∠ सुद्धा नाही. आणि तोंडी परीक्षेच्या तक्त्यात बरोबरच्या खुणा होत्या, त्या मोबाईलवर सगळ्या 'पी' झाल्यात.

चौकोनांची मला तेवढी काळजी नाही. पेपरात चौकोन दिसला की मुलं हात वर करून विचारतात. काळजी आहे ती 'के' ची. '५, ८, ११, १४, के' हे वाचून हुशार मुलगी सामान्य फरक ३ धरेल, के = १७ लिहील आणि पुढे जाईल. तिचं काहीच चुकलेलं नसेल, पण मी विचारलेलं होतं विसावं पद. छापील पेपरात हे पकडणार कोण?

सराव परीक्षा तोंडावर आहे. फॉन्ट कुठून तरी आणून टाकू, की सगळं पुन्हा टाईप करू? जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खिळेजुळारी

ताई, पुन्हा टाईप करू नका. मी सांगलीत अक्षरजुळणीचं काम करतो, गणिताची गाईडं आणि सराव संच बरेच केलेत. तुमच्या एका तक्रारीत खरं तर तीन वेगवेगळे आजार आहेत. ते वेगळे केले की औषध सोपं आहे.

पहिला आजार, 'के' आणि 'एल'. जुन्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये 'इक्वेशन एडिटर ३.०' नावाचा छोटा प्रोग्राम असायचा. त्याच्याबरोबर 'एमटी एक्स्ट्रा' हा फॉन्ट यायचा. त्या फॉन्टमध्ये कॅपिटल 'के' च्या जागेवर खालची तीन टिंबं आणि 'एल' च्या जागेवर मधली तीन टिंबं आहेत. नव्या संगणकावर तो फॉन्ट नाही, म्हणून मागचं नुसतं अक्षर उघडं पडलं. त्या एडिटरमध्ये सुरक्षेचं एक जुनं भोक सापडलं होतं, २०१७ च्या नोव्हेंबरात ते जाहीर झालं, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रोग्रामच काढून टाकला. त्यामुळे तो शोधून परत बसवण्याच्या भानगडीत पडू नका.

दुसरा आजार, '∴' चे चौकोन. ही चिन्हं 'सिम्बॉल' फॉन्टमधली. तो फॉन्ट विंडोज ११ मध्येही आहे, म्हणून तुमच्या संगणकावर ∴ दिसतो. विंडोज नसलेल्या संगणकावर किंवा मोबाईलवर तो बहुधा नसतो. या फॉन्टमध्ये चिन्हाला स्वतःची ओळख नसते. अक्षराची जागा घेऊन ते बसलेलं असतं, घर तेच आणि राहणारा वेगळा. ∴ बसलाय उलट्या तिरक्या रेघेच्या म्हणजे \ च्या जागी, ≅ बसलाय @ च्या जागी, ⊥ हा ^ च्या जागी, θ हा स्मॉल 'क्यू' च्या जागी, π हा 'पी' च्या जागी.

तिसरा, बरोबरच्या खुणा. तो 'विंगडिंग्ज २' हा फॉन्ट. त्यात कॅपिटल 'पी' म्हणजे ✓ आणि कॅपिटल 'ओ' म्हणजे ✗. तो विंडोजबरोबर येत नाही, ऑफिसबरोबर येतो. मोबाईलवर नसणारच.

आणि तुम्ही 'के' बद्दल म्हणालात ते अगदी खरं आहे. आमच्या धंद्यात याहून भयंकर प्रकार बघितलेत. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्राममधून मजकूर साधा म्हणून उचलला की फॉन्टची माहिती गळते. मग सिम्बॉलमधला ≥ होतो वर चढवलेला ३, आणि ≠ होतो वर चढवलेला १. म्हणजे 'एक्स ≥ ५' असं होतं तिथे 'एक्सचा घन' आणि पुढे ५ उरतो. त्रिकोणमितीत 'साईन θ' चं 'साईन क्यू' होतं. प्रूफ वाचणाऱ्याला गणित येत नसेल तर त्याला यात काहीही खटकत नाही.

पुणेरी_पेन्शनर

इतकं खोलात कशाला? जुना संगणक चालू असेल तर सी ड्राईव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात 'फॉन्ट्स' आहे. ते उचलून नव्यात टाका, सगळं पूर्ववत. मी माझ्या तीन संगणकांना असंच केलंय.

खिळेजुळारी

काका, तातडीला ते चालतं, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, ऑफिसबरोबर आलेले फॉन्ट त्या ऑफिसच्या परवान्यात असतात, वाटेल तिथे वाटायला मोकळे नसतात. 'एमटी एक्स्ट्रा' मात्र मॅथटाईप हा समीकरणांचा प्रोग्राम करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतो, तो तिथूनच घ्यावा. दुसरं, आता विंडोजमध्ये फॉन्टच्या फाईलवर दोनदा टिचकी मारून 'इन्स्टॉल' केलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो, आणि पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रामांना तो दिसत नाही. फाईलवर उजवी टिचकी मारून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडावं लागतं. फॉन्ट टाकला तरी दिसत नाही म्हणून माझ्याकडे जे येतात त्यातल्या बहुतेकांचं इथेच अडलेलं असतं.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ताईंचा संगणक दुरुस्त झाला तरी झेरॉक्सवाल्याचा आणि पोरांचे मोबाईल तसेच राहणार.

तुंगभद्रा

लिनक्सवाल्यांसाठी थोडी भर. मायक्रोसॉफ्टचे वेबसाठीचे फॉन्ट बसवणारं जे पॅकेज उबुंटूत मिळतं, त्यात 'वेबडिंग्ज' आहे, पण 'विंगडिंग्ज' आणि 'सिम्बॉल' नाहीत. पुष्कळ लोक ते पॅकेज टाकून वाट बघत बसतात. लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्रामबरोबर 'ओपनसिम्बॉल' हा फॉन्ट येतो, आणि सिम्बॉल किंवा विंगडिंग्ज नसतील तर लिबरऑफिस त्यातलं जुळणारं चिन्ह दाखवायचा प्रयत्न करतं. बऱ्याचदा जमतं. पण पूर्ण मजकूर निवडून दुसरा फॉन्ट लावला की ते सूत्र तुटतं आणि चौकोन येतात. झेरॉक्सच्या दुकानात असंच काहीतरी झालं असणार, मराठी दिसेना म्हणून कुणीतरी सगळ्याला एकच फॉन्ट लावला असेल.

भूमितीवाली

बरोबर! त्या मुलाने माझ्यासमोरच सगळं निवडून फॉन्ट बदलला होता.

खिळेजुळारी, तुमचा प्रतिसाद मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. विज्ञानाच्या सरांच्या पेपरातही ओहमच्या चिन्हाचं असंच झालंय. आता एकच सांगा, चिन्हाला स्वतःची ओळख द्यायची कशी?

खिळेजुळारी

यूनिकोड. यूनिकोडमध्ये ∴ हा ∴ च असतो, त्याला स्वतःचा क्रमांक आहे, कुठल्या अक्षराच्या जागेवर तो बसलेला नाही. फॉन्ट बदलला तर आकार थोडा वेगळा दिसेल, पण त्याचं अक्षर होणार नाही. गणिताची ही चिन्हं यूनिकोडमध्ये खूप आधीपासून आहेत. विंगडिंग्ज आणि वेबडिंग्जमधली चित्रंसुद्धा २०१४ च्या ७.० आवृत्तीत आली.

नवीन टाईप करताना वर्डमध्ये क्रमांक लिहायचा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबायचं. क्रमांक इंग्रजी कळफलकावरच लिहा. लिबरऑफिसमध्येही हेच चालतं. तुम्हाला रोज लागतील ते:

∴ २२३४, ∵ २२३५, ∠ २२२०, ≅ २२४५, ⊥ २२ए५, △ २५बी३, ≥ २२६५, ≤ २२६४, ≠ २२६०, √ २२१ए, θ ०३बी८, … २०२६, ⋯ २२ईएफ, ✓ २७१३.

हे एवढे भिंतीवर लावून ठेवले तरी पुरे. रोजची चिन्हं ऑटोकरेक्टमध्येही टाकता येतात.

जुन्या फाईलींसाठी 'शोधा आणि बदला'. आधी फाईलची प्रत काढा, मूळ फाईलला हात लावू नका. वर्ड सिम्बॉल फॉन्टमधलं चिन्ह साठवताना त्याच्या जागेच्या क्रमांकात ६१४४० मिळवतं. \ चा क्रमांक ९२, म्हणून ∴ झाला ६१५३२. शोधण्याच्या खान्यात ^ हे चिन्ह, पुढे स्मॉल यू आणि पुढे ६१५३२ असं सलग लिहा, आणि बदलण्याच्या खान्यात खरा ∴ चिकटवा. ∠ चा ६१६४८, ≅ चा ६१५०४, θ चा ६१५५३, ≥ चा ६१६१९. किंवा मजकुरातलं चिन्ह निवडून कॉपी करून शोधण्याच्या खान्यात चिकटवा, तेही चालतं.

विंगडिंग्जमधल्या चिन्हांनाही हेच क्रमांक मिळतात. त्यामुळे ज्या फाईलीत दोन्ही फॉन्ट आहेत तिथे 'सगळे बदला' दाबू नका, एकेक बघत पुढे जा.

रसिका_त्रि

थांबा, △ बद्दल. मी पण गणितच शिकवते. सिम्बॉलमधल्या कॅपिटल 'डी' च्या जागी त्रिकोण नाही, ग्रीक डेल्टा आहे. भूमितीत आपण तोच त्रिकोण म्हणून वापरत आलो. पण बीजगणितात वर्गसमीकरणाच्या विवेचकाला डेल्टाच आहे, Δ. भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) चे प्रश्न एकाच फाईलीत असतील आणि सगळ्या डेल्टांचे त्रिकोण केले, तर 'विवेचकाची किंमत काढा' मध्ये त्रिकोण येईल. भूमितीच्या फाईली वेगळ्या काढून मगच बदल करा.

भूमितीवाली

रसिकाताई, खूप धन्यवाद. माझी सरावाची एक फाईल अगदी तशीच मिश्र आहे.

खिळेजुळारी

फार मोलाची सूचना. मी आजवर भूमितीत डेल्टाच ठेवत आलो. आता त्रिकोणाला △ वापरीन.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगतो, क्रमाची. पुढेमागे जुन्या फॉन्टमधली मराठी यूनिकोडमध्ये न्यायची असेल, तर चिन्हं आधी बदला, मराठी नंतर. फॉन्ट बदलून देणारे प्रोग्राम @, \ आणि ^ यांना मराठी अक्षरांचे तुकडे समजतात, कारण जुन्या मराठी फॉन्टमध्ये या कळांवर जोडाक्षरांचे तुकडे किंवा विरामचिन्हं असतात. एकदा का ≅ चं भलतंच अक्षर होऊन मराठी शब्दांत मिसळलं की ते हाताने वेचण्याखेरीज उपाय नाही.

सतारीया

धागा गणिताचा आहे, पण माझं दुखणं याच जातीचं आहे म्हणून लिहितो. मी बंदिशींची स्वरलिपी भातखंडे पद्धतीने लिहितो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, मींडेला वर कमान. कुणीतरी खास तयार केलेला एक फॉन्ट मी वर्षानुवर्षं वापरला. नवीन लॅपटॉप घेतला, फॉन्ट सापडेना, आणि सगळ्या बंदिशी इंग्रजी अक्षरांचा ढिगारा झाल्या. मला यूनिकोडने काय मिळेल?

तुंगभद्रा

तुमचं काम निम्मं होईल. कोमलसाठी वेदपठणातली अनुदात्ताची खूण वापरता येते: रे॒ ग॒ ध॒ नि॒. तीव्र मध्यमासाठी उदात्ताची: म॑. दोन्ही देवनागरीच्याच खुणा असल्यामुळे अक्षराला नीट चिकटतात. तार षड्ज 'सां' असा अनुस्वाराने लिहायची चाल आहेच. मंद्राच्या टिंबाला काहीजण नुक्ता लावतात, पण तो प्रत्येक फॉन्टमध्ये सारखा बसत नाही. मींडेची कमान दोन-तीन स्वरांवरून जाते, तिला साध्या मजकुरात जागा नाही.

सतारीया

ग॒ आणि म॑ इथेच उमटलेले दिसतायत, मोबाईलवरसुद्धा! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकच शंका, वेदातली खूण संगीताला वापरणं योग्य का? एखाद्याने शोधयंत्रात 'ग' शोधला तर?

तुंगभद्रा

शंका रास्त आहे. ती खूण मुळात वेगळ्या अर्थाची आहे, आणि संगणक तिला कोमल म्हणून ओळखणार नाही. पण वाचणाऱ्याला कोमल गंधार दिसतो आणि फाईल दुसरीकडे गेली तरी फुटत नाही. माझ्या मते आज हाच सगळ्यांत कमी वाईट मार्ग आहे. मींड असलेल्या बंदिशींसाठी जुना फॉन्ट मिळवा आणि पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आत जोडला जातो. वर्डमध्येही 'ऑप्शन्स'मध्ये 'सेव्ह'खाली फॉन्ट फाईलला जोडायची सोय आहे, मात्र फॉन्ट करणाऱ्याने तशी मुभा ठेवलेली असावी लागते.

नेत्रा_वि

मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. एक बाजू इथे अजून आलेली नाही, म्हणून लिहिते.

आमची मुलं स्क्रीन रीडरने, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, फाईल वाचतात, बहुतेक एनव्हीडीए, कारण तो मोफत आहे. यूनिकोडमधलं चिन्ह असेल तर तो त्याचं नाव उच्चारतो. सिम्बॉल फॉन्टमधला ∴ असेल तर एकतर काहीच बोलत नाही किंवा 'बॅकस्लॅश' म्हणतो. विंगडिंग्जची बरोबरची खूण असेल तर 'पी'. डोळस माणसाला पडद्यावर सगळं सुंदर दिसत असतं, त्यामुळे पेपर काढणाऱ्याला वाटतं फाईल उत्तम आहे. माझा विद्यार्थी मात्र 'कोन' हा शब्दच न ऐकता प्रमेय ऐकत असतो. तीन अक्षरं ऐकतो, ती कोनाची की त्रिकोणाची ते त्याला कळत नाही.

नवीन संगणकावर फॉन्ट टाकून पडदा ठीक केला तरी आमच्या मुलांसाठी काहीही बदलत नाही. खिळेजुळारींनी सांगितलेला बदल केला तर मात्र बदलतं. भूमितीवाली ताई, तुम्ही हे मनावर घेतलंत तर तुमच्या फाईली मला माझ्या मुलांसाठी हव्या आहेत.

भूमितीवाली

नेत्राताई, नक्की देईन. हे वाचल्यावर पुढचा विचार करायची गरजच उरली नाही. व्यक्तिगत निरोपात तुमचा पत्ता कळवा.

पुणेरी_पेन्शनर

नेत्राताईंचा प्रतिसाद वाचला. फॉन्ट उचलून टाका हा माझा सल्ला अपुरा होता, खिळेजुळारींची पद्धतच योग्य.

किराणाभुसार

रुपयाच्या चिन्हाचंही हेच का? आमच्या जुन्या दरपत्रकात सगळीकडे रकमेच्या आधी उलटा टिकला दिसतो, असा: ` ४५०.

खिळेजुळारी

हेच. ₹ चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झालं आणि यूनिकोडमध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं. मधल्या काळात मंगळुरूच्या एका कंपनीने फॉन्ट काढला होता, त्यात ₹ हे १ च्या डावीकडच्या ` या कळीवर बसवलेलं होतं. तो फॉन्ट भराभर पसरला. तो नसलेल्या संगणकावर ` उरतं. खऱ्या ₹ चा क्रमांक २०बी९. दरपत्रकात ` हे दुसरीकडे कुठे वापरलेलं नसणार, तुम्ही बिनधास्त 'सगळे बदला' करा.

सई_को

मंगल फॉन्ट कुणी विचारला नाही, पण नवीन विंडोजवाल्यांना लागेल. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे आपोआप येतीलच असं नाही. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. फुकट आहेत.

भूमितीवाली

काम कुठवर आलं ते सांगते, इतरांना उपयोगी पडेल.

एमटी एक्स्ट्रा उतरवून टाकला. लगेच श्रेढीतली टिंबं परत आली. मग समीकरणावर दोनदा टिचकी मारली तर वर्डने नव्या पद्धतीत रूपांतर करू का विचारलं, हो म्हटलं. आता ती समीकरणं सरळ दुरुस्त करता येतात. रूपांतरासाठीही तो फॉन्ट बसवलेला लागतो, तेव्हा हीच पायरी आधी करावी. अपूर्णांकांच्या रेघा आणि वर्गमुळं नीट उतरली.

∴, ∠, ≅, ⊥, θ हे खिळेजुळारींच्या क्रमांकांनी बदलले. समरूपता आणि वर्तुळाच्या फाईलींत △ केला, बीजगणितात Δ तसाच ठेवला. मिश्र फाईलीत एकेक बघून केलं. तक्त्यात ✓ टाकली. मग फाईल स्वतःच्या मोबाईलवर, झेरॉक्सच्या दुकानात आणि शिपाईमामांच्या मुलीच्या जुन्या फोनवर उघडून बघितली. तिथे मराठी मजकूर अर्थातच अगम्य दिसला, कारण तो अजून जुन्या फॉन्टमध्ये आहे. पण त्या मजकुरात ∴ आणि ∠ जागच्या जागी होते.

पेपर पीडीएफ करून छपाईला दिला. आता मराठीचं रूपांतर सुट्टीत करीन. एक अडचण उरली आहे: वर्तुळाच्या प्रकरणात काही जुन्या प्रश्नांत कंस दाखवायला अक्षरांवर कमान काढलेली होती. ती रूपांतरात काही ठिकाणी सरकली आहे.

रसिका_त्रि

वर्डच्या नव्या समीकरणात कमान काढता येते. पण मी तो खटाटोप करत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात 'कंस' हा शब्दच लिहून पुढे तीन अक्षरं देतात, जसं रेषाखंडाला 'रेख' लिहितात. मुलांना तीच सवय आहे. आणि नेत्राताईंच्या मुलांना 'कंस' ऐकूही येईल.

नेत्रा_वि

हो, शब्द असेल तर सर्वांत उत्तम. फाईली मिळाल्या, ताई. समरूपतेचा पहिला संच आज एका मुलाने ऐकला. एका ठिकाणी 'क्यू' आलंय, सातव्या प्रश्नात. तिथे θ हवा होता का?

भूमितीवाली

हो, θ च हवा. तो चिन्ह म्हणून घातलेला नसणार, 'क्यू' टाईप करून नंतर फॉन्ट बदललेला असणार, म्हणून क्रमांकाने सापडला नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवते. बाकीच्या संचांतही 'क्यू' वेगळा शोधून बघते.